हे भय कुणाचे?

उपवासकाळ आणि दहावीची परीक्षा यांची आपल्याकडे बहुधा एकाच सुमारास गाठ पडते. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट चाललेली असते आणि मागच्या बाकांवर तरुण चेहरे दिसेनासे होतात. मुले घरी अभ्यासाला बसलेली असतात. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मात्र तीच मुले हॉल तिकीट, पेने, कंपासपेट्या घेऊन वेदीपुढे येतात, धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात आणि आम्ही पालक मागे उभे राहून आपापल्या मुलाकडे पाहत असतो. थोरल्या दोघांच्या वेळी आम्ही असेच उभे होतो. धाकटीच्या वेळी प्रथमच मनात आले की, ज्यावर खरे तर पवित्र पाणी शिंपडायला हवे ते भय त्या बाकांवर आमच्याच शेजारी बसलेले आहे.

बीजगणिताच्या पेपराची आदली रात्र. साडेदहा वाजून गेले होते. पुस्तक मिटून ती नुसती बसली होती. हात हातात घेतला तर थंडगार. आम्ही उभयतांनी तिला तेच सांगितले जे सगळे आईबाप सांगतात. घाबरू नकोस, गुणांचे काय एवढे, तू फक्त प्रयत्न कर. तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारले, "मग मला ऐंशी मिळाले तर तुम्ही मावशीला काय सांगाल?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. चार दिवसांपूर्वीच मावशीच्या फोनवर नव्वदीच्या गोष्टी आम्हीच केल्या होत्या, आणि घर लहान, भिंती पातळ.

मुलाला धीर देण्यासाठी खोटे बोलावे का, हा प्रश्न आम्हांला वाटतो तितका किरकोळ नाही. गुणांना महत्त्व नाही हे विधान असत्य आहे. अकरावीचा प्रवेश गुणांवर होतो. आपल्या अल्पसंख्याक महाविद्यालयांत समाजासाठी राखीव जागा असल्या, तरी त्यांची यादीही गुणांनीच लागते. हे पंधरा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. ठाऊक असूनही आपण त्याला उलट सांगतो, तेव्हा त्याचे भय कमी होत नाही. घरातली मोठी माणसेही खरे बोलायला धजत नाहीत, म्हणजे प्रकरण केवढे भयंकर असेल, असेच ते मूल समजते.

व्यवस्थेला दोष देणे सोपे आहे, आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु आमच्या हयातीत या व्यवस्थेचे पुष्कळसे काटे बोथट केले गेले. एके काळी वृत्तपत्रांत छायाचित्रांसह झळकणारी गुणवत्ता यादी मंडळाने बंद केली. २०१० साली सहांपैकी उत्तम पाच विषय धरण्याची सवलत आली. २०२१ साली तर साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. त्या वर्षी तरी घराघरांतली धास्ती संपायला हवी होती. पण परीक्षा नाही तर आपल्या मुलाची गुणवत्ता कळणार कशी, अशी हळहळ पालकांकडूनच आमच्या कानांवर आली. तेव्हापासून आमची अशी धारणा झाली आहे की, या भयाचे मूळ प्रश्नपत्रिकेत जितके आहे, त्याहून अधिक आमच्या ओटीवर आहे.

मात्र सगळेच भय वाईट, असेही नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन त्यांना शिकवून पाहिले. काम सोपे असता तीव्र झटक्याने उंदीर लवकर शिकले. काम अवघड होताच मध्यम झटकाच उपयोगी ठरला. (बिचाऱ्या उंदरांच्या वतीने कुणी नोव्हेना केल्याचे ऐकिवात नाही.) माणसाचे मूल उंदीर नव्हे, हे मान्य. तरी पेपराच्या सकाळी छाती धडधडते ती अंगातले बळ गोळा होत असल्यामुळे, हे मुलाला सांगता येते, आणि ते खोटे नसते. जेवण-झोप दिवसेंदिवस उडाली, मूल जिवाबद्दल निराशेचे बोलू लागले, तर गोष्ट वेगळी. तिथे आपले शहाणपण बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे, किंवा १४४१६ या शासकीय टेली-मानस क्रमांकावर बोलावे.

शिकागो विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. परीक्षेच्या ऐन आधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या भित्र्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला, असे त्यात दिसले. त्या रात्री आम्ही धाकटीपुढे एक कोरा कागद ठेवला. तिने दोन्ही बाजू भरल्या, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली. ती घडी उघडून पाहण्याचा मोह आम्हांला किती झाला, हे काय सांगावे! आमच्याविषयी तिने काय लिहिले असेल? आजवर पाहिलेली नाही.

आता आजीचा नवस. तिने वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणबत्ती बोलली होती. गुणांसाठी प्रार्थना करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. रोजची भाकरी मागायला ज्याने शिकविले त्याच्याजवळ टक्केही मागता येतील. परंतु मुलाच्या कानांवर जाईल असा नवस बोलला, की त्या मुलावर आणखी एक ओझे चढते. गुण कमी पडले तर आता आजीचा शब्दही आपल्यामुळेच पडणार. परीक्षार्थींचा आश्रयदाता मानला जाणारा कुपर्तिनोचा संत जोसेफ (१६०३-१६६३) हा काही हुशारांचा संत नव्हे. चांभारकाम त्याला जमले नाही, कापुचिन मठातून त्याला परत पाठविले गेले. परंपरा सांगते की धर्मगुरूपदाच्या परीक्षेत पहिल्या काहींची उत्तरे ऐकूनच बिशप संतुष्ट झाले आणि याला न विचारताच सर्वांना उत्तीर्ण केले. लोक ही कथा हसत सांगतात. आम्हांला तीत निराळेच काही दिसते. जो कधीही पहिला आला नसता, त्याला आपल्या धर्मसभेने भ्यालेल्या मुलांचा सोबती म्हणून निवडले. हे सारे आम्ही आजीला सांगितले. तिने निमूट ऐकले, आणि परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, निकालाच्या कितीतरी आधी, वसईहून गाडीने वांद्र्याला जाऊन मेणबत्ती लावून आली.

गेथशेमाने बागेतला प्रसंग आपण दर पवित्र गुरुवारी ऐकतो. प्रभू स्वतः व्याकूळ झाला होता, म्हणजे भय वाटणे हे काही श्रद्धा उणी असल्याचे चिन्ह नव्हे. त्याने तिघा शिष्यांजवळ उपदेश मागितला नाही, उपायही मागितला नाही. आपल्यासोबत जागे राहावे, एवढेच मागितले. आणि ते झोपी गेले. त्या रात्री आम्ही बोलणे थांबविले. एक जण तिच्याजवळ बसलो, दुसऱ्याने चहा ठेवला. साडेअकराला ती झोपली. आम्ही नंतर.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले होते. सकाळी परीक्षाकेंद्राच्या वाटेवर आम्ही ते दिले. जे असेल ते सांगू. ऐंशी असतील तर ऐंशी.

"आणि पासष्ट?"

उत्तर देण्यापूर्वी आम्हांला क्षणभर थांबावे लागले. मग आम्ही म्हणालो, "पासष्ट." तो क्षण तिच्या ध्यानात आला असणारच. ती काही बोलली नाही. पेन तळहातावर चालवून पाहिले आणि फाटकातून आत गेली.