बाप जिवंत असलेले अनाथ

गेल्या वर्षी आमच्या जमातीतील एक तरुण माझ्याकडे आला. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी दोन आठवडे काठमांडूच्या एका अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवण्याचा त्याचा मानस होता. राहण्या-जेवण्याचा खर्च तोच करणार होता, शिवाय आश्रमाला देणगीही द्यायची होती. मला भरून आले. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या इतका निकट असेल, असे सांगताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपली दोन बोटे उंचावून दाखवली होती. जुम्याच्या खुतब्यात मी ती हदीस सांगितली आणि मिम्बरवरूनच निधीचे आवाहन केले. आश्रमाची चौकशी मात्र केली नाही. सत्कार्याची कसली चौकशी, असे तेव्हा वाटले.

परतल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला, "मौलाना, ज्याचा बाप गावी शेती करतो, तो यतीम कसा?" आश्रमातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने त्याला तसे सांगितले होते.

शरीअतच्या परिभाषेत वयात येण्यापूर्वी ज्याचे पितृछत्र हरपले ते मूल यतीम होय. गरिबाचे मूल यतीम नसते. त्याचा आपल्यावर हक्क आहेच, पण तो त्याच्या आईबापांसह आहे.

त्या प्रश्नानंतर मी वाचू लागलो. नेपाळात 1996 ते 2006 या काळात यादवी युद्ध पेटले होते. हुमलासारख्या दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांत दलाल पोहोचले. मुलांना बंडखोरांच्या भरतीपासून वाचवू, राजधानीत शिकवू, असे सांगून त्यांनी आईबापांकडूनच पैसे घेतले आणि मुलांना काठमांडूत आणून अनाथ म्हणून दाखवले. कित्येकांच्या बाबतीत जिवंत बाप कागदोपत्री मृत ठरला. युद्ध संपले, धंदा संपला नाही. कारण आता परदेशातून दयाळू पाहुणे येऊ लागले होते. नेपाळातील बहुसंख्य बालगृहे दारिद्र्य सर्वाधिक आहे तिथे नाहीत. काठमांडूचे खोरे, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर आहेत. 2015 च्या भूकंपानंतर पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर तेथील शासनाला निर्बंध घालावे लागले. कंबोडियातही हेच घडले. 2005 ते 2010 या पाच वर्षांत तेथील अनाथालये सुमारे 75 टक्क्यांनी वाढली आणि युनिसेफच्या पाहणीनुसार त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. आपण देणगी देतो म्हणून अनाथ निर्माण केले जातात, हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतो.

हजरत जैद (रजि.) यांचे चरित्र आपण मुलांना अनेकदा सांगतो, पण त्यांच्या पित्याकडे आपले लक्ष जात नाही. लहानपणी लुटारूंनी त्यांना पळवले आणि उकाजच्या बाजारात विकले. बाप हारिसा रडत, विचारत फिरत राहिला आणि अखेर मक्केला पोहोचला. प्रेषितांनी (स.) त्याच्याकडून खंडणी मागितली नाही, निवड जैद यांच्यावर सोपवली. जैद यांनी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. विश्वात याहून थोर पितृत्व कोणते? तरीही सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत अशा मुलांना त्यांच्या जन्मदात्या पित्यांच्या नावाने हाक मारण्याची आज्ञा अवतरली आणि जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रत्यक्ष प्रेषितांच्या मायेनेही बापाचे नाव पुसले जाऊ नये, असा हा दंडक आहे. मग एखाद्या संस्थेच्या नोंदवहीने ते कसे पुसावे?

माणसांचेच कशाला, सहाबांनी प्रवासात एका पक्षिणीची पिल्ले उचलली आणि ती तळमळत घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती पिल्ले तिच्याकडे परत ठेवायला लावली.

जो आश्रम प्रामाणिक आहे, त्याचेही एक दुःख आहे. पंधरा दिवसांनी नवा दादा येतो, नवी ताई येते, गाणी होतात, छायाचित्रे होतात आणि ती माणसे निघून जातात. मूल प्रत्येक वेळी जीव लावते आणि प्रत्येक वेळी टाकले जाते. आमच्या तरुणाला निघताना त्या मुलाने विचारले, "पुन्हा कधी येणार?" तो म्हणाला, "लवकरच." हा शब्द त्याला अजून झोपू देत नाही.

सूरह बकरहच्या 220 व्या आयतीत अनाथांविषयी कसोटी दिली आहे ती त्यांच्या हिताची. आणि सुधारणारा कोण, बिघडवणारा कोण हे अल्लाह जाणतो, असा इशाराही तिथेच आहे. आपल्या पुण्याची भूक ही कसोटी नव्हे. म्हणून परदेशी सेवेला जाऊ इच्छिणाऱ्यांना मी आता आधी विचारतो: ही मुले इथे कशी आली? त्यांना घरी परत पाठवण्यासाठी संस्था काय करते? अनोळखी माणसाला चौकशीविना मुलांत सोडणारी संस्था उद्या आणखी कोणाला सोडेल? ज्याच्या हाती खरे कौशल्य आहे त्याने तिथल्या शिक्षकांना शिकवावे, परिचारिकांना शिकवावे; ते त्याच्या जाण्यानंतरही तिथेच राहणार आहेत. आणि ज्याच्याकडे फक्त पैसा आहे, त्याने तो विधवा आईच्या, आजीच्या, काकाच्या घरी पोहोचवावा, म्हणजे मूल त्यांच्याच चुलीपाशी वाढेल. विमानाचे भाडेही त्यात जमा झाले तर कितीतरी महिन्यांची फी निघते.

ज्या मिम्बरवरून आवाहन केले होते, तिथूनच मी माझी चूक जमातीला सांगितली. काही वडीलधारे नाराज झाले. सत्कार्याला दृष्ट लावली म्हणाले. त्या तरुणाने मुलाने सांगितलेले गावाचे आणि वडिलांचे नाव कुटुंबे शोधून देणाऱ्या एका संस्थेकडे कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत फज्रच्या नमाजनंतर तो दुआमध्ये त्या मुलाचे नाव घेतो, बापाच्या नावासह.