पथ्य कुणी पाळायचं?

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी केक दोनदा व्हायचा. आधी बिनअंड्याचा, मग अंड्याचा. हा क्रम कधी चुकला नाही. पहिल्या केकसाठी आई भांडं, चमचा, परात सगळं पुन्हा घासून घ्यायची, कारण तो केक करंज्या-चकल्यांबरोबर शेजारच्या काकूंकडे जायचा. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ दिवाळीच्या फराळासारखाच असतो. फक्त केकचा तुकडा तेवढा जास्तीचा. एकदा मी चिडून म्हणालो, "काकू आपल्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. मग आपणच का एवढं सांभाळायचं?" आई म्हणाली, "बेदाणे निवडून झाले का?"

उत्तर मिळालं नाही म्हणून प्रश्न राहून गेला. आई करत होती ती नम्रता होती की लाचारी? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींत मान खाली असते. पुढे पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर आला.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण ताट बदललं नाही. मांस-मासे त्यांनी कधी जवळ केले नाहीत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हे खटकत राहिलं. ख्रिस्ती झाल्यावरही ही बाई जातीचे जुने ग्रह कुरवाळते आहे, हा ब्राह्मणी अहंकार आहे, असं त्यांना वाटे. रमाबाईंचं उत्तर शांत होतं, पण बोचरं. आपल्यात जातीचे संस्कार उरले असतील, हे त्यांनी नाकारलं नाही. मात्र त्यांनी उलट विचारलं की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कुणाला उपद्रव न देणाऱ्या आपल्या सवयी तिने तशाच ठेवल्या, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का?

या प्रश्नाला वाँटेजकडे उत्तर नव्हतं. ख्रिस्ती शास्त्रात मात्र आहे, आणि ते जेराल्डिनबाईंच्या सोयीचं नाही.

अन्नाने माणूस विटाळत नाही, हे येशूचं म्हणणं मार्कच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे. पोटात जातं ते नव्हे, मनातून निघतं ते विटाळतं, आणि तिथे दिलेल्या मनोविकारांच्या यादीत अहंकारही आहे. यापो गावी धाब्यावर प्रार्थना करणाऱ्या येशूच्या भुकेल्या शिष्याला, पेत्राला, दृष्टान्तात आकाशातून उतरणारी चादर दिसते. तिच्यात निषिद्ध मानलेले प्राणी असतात आणि त्याला ते खायला सांगितलं जातं. तो तीनदा कचरतो. त्यानंतर तो कर्नेल्य नावाच्या परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, सैनिकाच्या उंबऱ्याआत पाऊल टाकतो. चादर प्राण्यांनी भरलेली होती, पण धडा माणसांविषयीचा होता.

तरीही हाच पेत्र पुढे अंत्युखियात कच खातो. परजातीय बांधवांसोबत एका पंगतीला बसत असताना यरुशलेमहून कर्मठ मंडळी येतात, आणि तो हळूच उठून बाजूला होतो. प्रेषित पौल त्याला तोंडावर सुनावतो. करिंथच्या मंडळीत याहून वाईट घडत होतं. प्रभुभोजनाला जमल्यावर खातेपिते लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांनाही सोडत नाही. मराठी माणसाला हे समजायला भाष्यकार लागत नाही. पंक्तिभेद हा एक शब्द पुरे.

पण पौलाचा खरा बारकावा पुढे आहे. रोममधल्या मंडळीत काही जण सगळं खाणारे होते, काही फक्त भाजीपाला. पौल दोघांची दोन वेगळी पापं दाखवतो. खाणारा न खाणाऱ्याला तुच्छ मानतो आणि न खाणारा खाणाऱ्याचा न्याय करत बसतो. दोन्ही अहंकारच, फक्त चव वेगळी. यावर उपाय सांगताना तो ओझं सारखं वाटत नाही. ज्याची श्रद्धा बळकट, ज्याला काहीही खायला मोकळीक आहे, त्यानेच आवर घालायचा. माझ्या खाण्याने भाऊ ठेचकाळणार असेल तर मी मांसच सोडीन, असं तो करिंथकरांना लिहितो. अशक्ताने सशक्तासारखं जेवून दाखवावं, असं तो म्हणत नाही. पथ्य रोग्याने पाळायचं, हा आपला व्यवहार. पौलाच्या दवाखान्यात ते निरोग्याला दिलेलं आहे.

आता पथ्यातच अहंकार शिरला तर? ही भीती ख्रिस्ती संन्याशांना पहिल्यापासून होती. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियसने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्या आरंभी खादाडपणा आहे आणि शेवटी अहंकार. पोट जिंकलं की साधक निर्धास्त होतो, आणि शेवटचा शत्रू त्याच विजयाच्या वाटेने आत येतो. त्याच वाळवंटातली एक गोष्ट सांगतात. सणाच्या पंगतीत एक साधक वाढप्याला म्हणाला, मी शिजवलेलं खात नाही, मीठ तेवढं दे. वाढप्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून मीठ मागवलं. तेव्हा एक वृद्ध साधक त्याला म्हणाला, हे सगळ्यांच्या कानावर जाण्यापेक्षा आज आपल्या खोपटात बसून तू मांस खाल्लं असतंस तर बरं झालं असतं. "मी साखर सोडली", "मला कांदा-लसूण चालत नाही", "आम्ही फक्त सेंद्रिय आणतो" ही वाक्यं लग्नाच्या पंगतीत कोणत्या पट्टीत म्हटली जातात, ते आठवून पाहावं.

सहाव्या शतकाअखेरीस पोप झालेल्या ग्रेगरीने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. वेळेआधी खाणं, महागडं खाणं, फार खाणं, अधाशासारखं खाणं आणि फार चोखंदळपणे खाणं. शेवटच्या प्रकारावर सी. एस. लुईसने १९४२च्या आपल्या 'स्क्रूटेप लेटर्स'मध्ये एक म्हातारी उभी केली आहे. तिला हवा असतो फक्त हलका चहा आणि नीट भाजलेला पाव. आपण किती अल्पसंतुष्ट, अशी तिची खात्री, आणि तिच्या या एवढ्याशा मागणीपायी घरातले सगळे मेटाकुटीला आलेले. ताटात थोडं असलं म्हणजे माणूस नम्र झाला, असं नाही.

याच सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. जेवणात शिजवलेले दोन पदार्थ असावेत, एक ज्याला सोसत नाही त्याने दुसरा घ्यावा, असं त्यात आहे. ज्याला कमी लागतं त्याने देवाचे आभार मानावेत आणि कुढत बसू नये; ज्याला जास्त लागतं त्याने आपला दुबळेपणा ओळखावा, मिळालेल्या सवलतीने फुगू नये. आणि स्वयंपाकघरात आठवड्याची पाळी सगळ्यांची. माझ्या मते खाण्यातल्या नम्रतेचं यापेक्षा व्यवहारी वर्णन सापडणं कठीण. कुणाचं ताट कुणासारखं करायचं नाही. भांडी मात्र सगळ्यांनी घासायची.

चर्चने हे नेहमी पाळलं असं मुळीच नाही. गोव्यात इन्क्विझिशनच्या १७३६च्या फर्मानाने नवख्रिस्त्यांच्या चुलीपर्यंत हात घातला. हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवायचा नाही, असंही कलम त्यात होतं. अ. का. प्रियोळकरांनी तो सगळा इतिहास मांडला आहे. भाताच्या मिठावरून श्रद्धा मोजणारी सत्ता आणि ताटावरून नम्रता मोजणारा वाँटेजचा मठ यांच्या क्रौर्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण चूक एकाच जातीची. ज्याच्या हाती सत्ता, त्याने दुसऱ्याच्या अन्नाला अहंकार म्हणायचं आणि आपल्या अन्नाला धर्म.

आणि ही चूक एकट्या चर्चची नाही. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहापान झालं. हजर असलेल्यांत रानडे, टिळक, गोखले होते. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि एका कप चहावरून ग्रामण्य उभं राहिलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं ते स्वतःला दोषी मानून नव्हे, तर बहिष्काराने मित्रांच्या घरांत अडचणी उभ्या राहिल्या म्हणून. सुधारक हळहळले. मला त्यात पौलाच्या पथ्याची सावली दिसते, आणि त्या पथ्यातला धोकाही. अशक्तासाठी वाकायचं म्हणता म्हणता माणूस दांडगाईपुढे वाकत नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

तपासायचं कसं? पौलाचा नियम जसाच्या तसा पुण्यात आणला की फसतो. रोममध्ये भाजीपाला खाणारा अशक्त होता. आपल्याकडे शाकाहार शतकानुशतकं पाटावर बसलेला आहे, आणि मेलेल्या जनावराचं मांस ज्यांच्या वाट्याला आलं ते उंबऱ्याबाहेर. वाँटेजच्या मेजावर रमाबाई एकट्या होत्या, परक्या होत्या, आश्रित होत्या. तिथे वाकायचं होतं जेराल्डिनबाईंनी. तोच शाकाहार पुण्यातल्या वाड्यात बलवान होता. म्हणून सशक्त कोण, हे ताटात पाहून कळत नाही. घर कुणाचं, वाढतं कोण, आणि नको म्हणण्याची सोय कुणाला आहे, हे पाहावं लागतं.

रमाबाईंना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं कुटुंब दक्षिणेत भटकत होतं. शास्त्रांखेरीज काही येत नव्हतं, आणि मोलमजुरी करायला किंवा भीक मागायला जन्मजात अभिमान आडवा येत होता. रानात अकरा दिवस झाडपाला खाऊन काढल्याचं त्यांनी लिहिलं आहे. वडील, आई, बहीण एकामागून एक गेली. कोणता अहंकार उपाशी मारतो, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच १८८९मध्ये शारदासदन उघडल्यावर तिथल्या विधवांना आपलं सोवळं पाळता यावं, याची सोय त्या ख्रिस्ती बाईने केली. ती सोय जातीला खतपाणी घालणारी होती, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. पण १८९६-९७च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात वेगवेगळ्या जातींच्या शेकडो मुली एकत्र जेवू लागल्या. तिथे भूक मोठी होती, आणि घर बाईंचं स्वतःचं होतं.

आता आईच्या दोन केककडे परत येतो. आमच्या आळीत सशक्त कोण होतं, याबद्दल मला शंका नाही. पौलाच्या हिशेबाने पथ्य काकूंनी पाळायला हवं होतं, निदान घोटभर पाणी पिण्याइतकं. आईने ते स्वतःवर घेतलं. ती लाचारी होती असं मी बरीच वर्षं मानत आलो. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही, कारण अंड्याचा केक तिने कधी लपवला नाही. तो खिडकीतच थंड होत असे, काकूंच्या ओट्यावरून दिसेल असा.

काकूंनी तो बिनअंड्याचा तुकडा कधी खाल्ला की नाही, मला अजून माहीत नाही. डबा मात्र दर वेळी भरून परत यायचा. आईने कधी विचारलं नाही.