शिरगणतीत न बसणारी माणसं

कुर्डुवाडीच्या फलाटावर एका बाजूने बार्शीची गाडी धरता येते, दुसऱ्या बाजूने पंढरपूरची. दोन्ही गावांशी आमच्या सोयरिकी आहेत, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांचा एक वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे: सोलापूरच्या खालोखाल जिल्ह्यात गाव कोणतं? बार्शीकर पेठेचं नाव घेतात, पंढरपूरकर पांडुरंगाचं. आकड्यांपुरता निकाल कधीच लागलेला आहे. 1901 च्या शिरगणतीत पंढरपूरची वस्ती 32,405 होती आणि बार्शीची 24,242. 2011 मध्ये बार्शी 1,18,722 वर पोचली, पंढरपूर 98,923 वर राहिलं. आठ हजारांनी मागे असलेलं गाव जवळपास वीस हजारांनी पुढे निघून गेलं.

हे कसं घडलं, याचं अर्धं उत्तर आमच्या कुर्डुवाडीच्या माळावर आहे. इंग्रजी अमलातला बार्शीचा मुलूख तेव्हा निजामाच्या हद्दीने वेढलेला होता. मराठवाड्याकडचा कापूस आणि तेलबिया बार्शीच्या पेठेत उतरायच्या आणि तिथून मुंबईला जायच्या. पण मोठी लाइन गेली कुर्डुवाडीवरून, बार्शीपासून पस्तीसेक किलोमीटर लांब. आमच्या स्टेशनाला नावसुद्धा ‘बार्शी रोड’ असं दिलेलं. हे अंतर तोडायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आणली. 1897 मध्ये ती बार्शीला पोचली, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला.

म्हणजे दोन्ही गावांना एकाच कंपनीची गाडी नऊ वर्षांच्या अंतराने मिळाली. फरक पडला तो गाडीतून काय उतरलं याने. बार्शीत माल उतरला आणि चढला. मालाभोवती अडत आली, हमाल आले, जिनिंग आणि कापडगिरण्या आल्या, आणि त्या कामावरची माणसं बिऱ्हाडं करून राहिली. पंढरपूरला माणसंच उतरली आणि दर्शन घेऊन परत फिरली. एका गावाचा व्यवहार मुक्कामाला राहणाऱ्यांवर चालतो, दुसऱ्याचा येऊन जाणाऱ्यांवर. जनगणना मात्र मुक्कामच मोजते.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या वर्षी माघी एकादशी 14 फेब्रुवारीला होती. प्रगणक पंढरपुरात घरोघर फिरत होते तेव्हाच माघी वारीची गर्दी चंद्रभागेच्या वाळवंटात होती. त्यातला एकही वारकरी पंढरपूरच्या आकड्यात आला नाही, आणि नियमाने ते बरोबरच होतं; त्याची नोंद त्याच्या गावी व्हायची. पण त्या दिवसांत त्याला प्यायला लागलेलं पाणी पंढरपूरचं होतं, शौचालयं पंढरपूरची होती आणि मागे राहिलेला कचरा उचलणारे हातही पंढरपूरचेच होते.

ही केवळ मानापानाची गोष्ट असती तर मी एवढा जीव टाकला नसता. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात गावाचा वर्ग लोकसंख्येवर ठरतो. लाखाच्या वर गेलं की अ वर्ग. 2011 च्या आकड्याने पंढरपूर त्या रेषेच्या 1,077 माणसं खाली राहिलं. वर्षातून चार वाऱ्या सांभाळणारं गाव हजारभर डोक्यांसाठी खालच्या पायरीवर बसतं, हे मला पटत नाही.

आकडा वाढवायचा दुसराही एक मार्ग असतो: हद्दवाढ. सोलापूर शहर 1991 मध्ये 6,04,215 होतं आणि 2001 मध्ये 8,72,478 झालं. मधे 1992 ची हद्दवाढ आहे. भोवतालची गावं आत घेतली गेली, आणि त्या वाढीतला मोठा हिस्सा आपापल्या घरीच असलेल्या माणसांचा आहे. पुणं आणि पिंपरी-चिंचवडच्या चढाओढीतही हा धागा आहे. पुणे महापालिकेने 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं घेतली आणि क्षेत्रफळात मुंबईला मागे टाकलं. नकाशावरची रेघ एका दिवसात सरकते. जलवाहिनी आणि गटार तिच्या मागोमाग पोचायला वर्षं जातात, आणि तोवर त्या गावांतली माणसं शहरात मोजली जाऊनही टँकरची वाट पाहत असतात.

कुर्डुवाडी या शर्यतीत नाहीच. आमची वस्ती बार्शीच्या पाव हिश्शाचीही नाही. गाव उभं राहिलं ते जंक्शनवर आणि रेल्वेच्या कारखान्यावर. वारीच्या दिवसांत पंढरपूरला जाणारे रात्र रात्र फलाटावर, जिन्याखाली, स्टेशनबाहेरच्या हॉटेलांच्या बाकांवर बसून असतात. त्यांना पाणी लागतं, आजारी पडलं तर दवाखाना लागतो. हे सगळं या लहान गावाने उचलायचं, आणि हिशेबात ते कुठेच धरायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मुक्कामाची मोजणी राहू द्या. देशाची शिरगणती तिच्याशिवाय होणार नाही. पण नगरपरिषदेचा वर्ग, तिची कर्मचारीसंख्या आणि पाण्याच्या योजनेची क्षमता ठरवताना गावावर पडणारा भारही धरा. तो मोजायला नवं यंत्र लागत नाही. रेल्वेकडे विकलेल्या तिकिटांचा हिशेब आहे, एसटीकडे फेऱ्यांचा, मंदिर समितीकडे दर्शनबारीचा. वारीच्या गावांना यात्रा अनुदान मिळतं, म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते यात्रेपुरतं आणि अनुदानापुरतं न ठेवता कायद्याच्या निकषांत यावं, आणि जंक्शनच्या गावांनाही लागू व्हावं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्या वर्षीची माघी एकादशीही फेब्रुवारीतच येते.