दुरुस्ती कोणासाठी?

मोटारसायकल ही आपल्या भागात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. चिटगुप्प्याहून हुमनाबादकडे शाळेत शिकवावयास जाणारे शिक्षक, पहाटे दुधाचे कॅन अडकवून निघणारे गवळी, खेड्यापाड्यांत उपासनेस जाणारे पाळक व प्रचारक, आजाऱ्यास मागे बसवून बिदरच्या दवाखान्यात नेणारे शेजारी, या सर्वांचे दिवस तिच्यावरच चालतात. म्हणून ती मोडली म्हणजे घरातला एक कमावता हात मोडल्यासारखे होते. ती लवकरात लवकर व कमीत कमी खर्चात पुन्हा रस्त्यावर यावी, हा विचार प्रथम मनात येतो. तो स्वाभाविक आहे, त्यात वावगे काही नाही. परंतु त्या घाईत एक प्रश्न मागे राहून जातो, आणि तो मेकॅनिकचा नसून सदसद्विवेकबुद्धीचा आहे. अपघातात सापडलेली गाडी दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय करणे? ती पूर्वीसारखी दिसेल असे करणे, की तिने काय सोसले ते जाणून तिला पुन्हा विश्वासास पात्र करणे?

आमच्या परिचयाच्या एका घरात ऊसतोडीच्या दिवसांत हा प्रश्न उभा राहिला. घरातील तरुण रात्री परतत असता, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी होती. तीवर त्याची गाडी आदळली. त्याचे गळपट्टीचे हाड मोडले, पण जीव वाचला. गाडीचा पुढचा भाग मात्र चेपून गेला. हाड सांधेपर्यंत गाडी अंगणातच पडून होती, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण सल्ला देत होता. त्यांतील दोन सल्ले आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकतो, म्हणून ते येथे सांगतो.

पहिला सल्ला असा: “फोर्क ठोकून सरळ करा, टाकीला पुटी भरून रंग मारा, आणि सीमेपलीकडे उमरग्याला नाहीतर जहिराबादला विकून टाका. तिकडे कोण विचारतो?” दुसरा सल्ला तरुणाच्या मित्रांचा: “गाडी उघडलीच आहे तर बोअर मोठा करून घे, मोकळा सायलेन्सर बसव, मागे रुंद टायर टाक. मोडली ते बरेच झाले, आता नव्याहून भारी होईल.” पहिल्यात गाडी होती तशी दाखवायची आहे, दुसऱ्यात होती त्याहून बलवान करायची आहे. एकाला अपघात लपवायचा आहे, दुसऱ्याला तो विसरायचा आहे. अपघाताने काय सांगितले ते ऐकण्यास दोघांपैकी कोणीच तयार नाही.

अपघात काय सांगतो? समोरून धक्का बसला की तो चाकावरून फोर्कच्या नळ्यांत, नळ्यांवरून हँडलखालच्या बेअरिंगांत आणि तेथून चेसीच्या मानेत जातो. दिवा फुटला, मडगार्ड चेपले, टाकीला पोचा पडला, हे सर्वांस दिसते. पण त्यामुळे सहसा कोणी मरत नाही. मानेजवळच्या जोडावर पडलेली केसाएवढी चीर दिसत नाही, आणि माणूस मरतो तो तिच्यामुळे. जाणता मिस्त्री म्हणूनच रंगाकडे पाहत नाही. तो दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणून ती एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहतो. नळी बाहेर काढून सपाट काचेवर फिरवतो, म्हणजे ती वाकली असल्यास डुलते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश वळवतो; मध्येच ते अडखळले तर बेअरिंगांत खड्डे पडले आहेत असे समजतो. मानेजवळ रंग कोठे बारीक रेघेने उकलला आहे काय, ते बॅटरी धरून पाहतो. वाकलेली नळी आच देऊन सरळ करता येते. पण लोखंडाचे बळ त्या आचेतच जाते, आणि नळी सरळ दिसू लागल्यामुळे ते गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. डोक्यावरच्या हेल्मेटचेही असेच आहे. त्याच्या आतील फोम एकदाच दबून डोके वाचवतो. जोराचा धक्का खाल्लेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी त्याचे काम झालेले असते.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे, तो येथे आठवण्याजोगा आहे. बैलाने अकस्मात कोणास मारले, तर बैलाचा नाश होई, पण धनी निर्दोष ठरे. परंतु बैल मारका असल्याचे धन्यास पूर्वी कळवलेले असून त्याने त्याला आवरले नाही, तर दोष धन्यावर येई. दोन्ही वेळी बैल तोच, शिंगे तीच, आणि मेलेला माणूसही तितकाच निरपराध. मग फरक कशाने पडला? धन्यास ठाऊक होते, एवढ्यानेच. न्यायाचा हा धागा फार खोल आहे. जी गोष्ट मला ठाऊक नव्हती तिचा हिशेब एक, आणि जी मला सांगितली गेली तिचा हिशेब दुसरा.

आता आपल्या गाडीकडे वळू. अपघातापूर्वी फोर्कमध्ये काही गुप्त दोष असता आणि तो तुटला असता, तर मालकास कोणी दोष दिला नसता. अपघातानंतर मात्र त्यास कळवले गेले आहे, आणि तेही इतक्या मोठ्याने की सगळ्या गल्लीने ऐकले. यापुढे त्या गाडीवर जो कोणी बसेल, मग तो मुलगा असो, मागे बसलेली आई असो, की उमरग्याचा अनोळखी गिऱ्हाईक असो, त्याच्या जिवाचा विचार मालकाच्या दारी येऊन बसला आहे. पुटी आणि रंग यांनी चीर झाकता येते, पण कळलेली गोष्ट न कळलेली करता येत नाही.

येथे कोणी चतुर मनुष्य विचारील की, फोर्क नवा, चाक नवे, दिवा नवा; मग ही ती गाडी राहिलीच कोठे, की जिचा अपघात आम्ही सांगावा? हा प्रश्न फार जुना आहे. थीसिअसच्या गलबताच्या फळ्या एकेक बदलल्यावर ते तेच गलबत राहिले काय, यावर तत्त्वज्ञानी वाद घालीत असत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. नोंदणी कचेरीपुरते या वादाचे उत्तर सोपे आहे: चेसीवर कोरलेला क्रमांक तोच, तर गाडी तीच. पण त्याच नोंदणीपत्रात मालकाचे नाव, चेसी क्रमांक, इंजिन क्रमांक असे सर्व काही असते, अपघात मात्र नसतो. गाडी पूर्वी काय भोगून आली आहे, हे सांगणारा कागद विकत घेणाऱ्याच्या हाती येत नाही. ते सांगणारे तोंड एकच, विकणाऱ्याचे. ते गप्प बसले तर गाडी सीमा ओलांडते आणि तिचा इतिहास अलीकडेच राहतो. “घेणाऱ्याने पाहून घ्यावे” हे म्हणणे बैलाच्या बाजारात कदाचित चालेल, कारण तेथे दात तरी मोजता येतात. रंगाखालची चीर त्याने कशी पाहावी?

दुसऱ्या सल्ल्यात लबाडी नाही, म्हणून तो अधिक भुरळ घालतो. मोडलेली वस्तू पूर्वीपेक्षा चांगली करावी, ही इच्छा मुळात उत्तमच आहे. पण चांगली म्हणजे काय? गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की तिला थांबवण्यासाठी ब्रेकला जिरवावा लागणारा जोर सव्वादोनपट होतो. ज्याने बोअर वाढवला पण ब्रेक जुनेच ठेवले, त्याने घर एक मजला चढवून गच्ची उघडी टाकली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे ती याचसाठी: उंची तू वाढवलीस, तर पडणाऱ्याची काळजीही तुझीच. आपल्या देशाचा नियमही याच दिशेने जातो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारे ब्रेक, आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांवर एकत्र लागणारे ब्रेक आवश्यक झाले. बळ जितके मोठे, तितका कठडाही पुरता हवा. आणि मोटार वाहन कायदा १९८८ याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले.

अपघातानंतरची खरी सुधारणा कशी असते, याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जात असता, सायकलींवरील दोन मुलांस वाचवताना पडले. डोक्यास मार लागून १९ मे रोजी ते वारले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. गाडीचे नुकसान फारसे नव्हते. ती दुरुस्त झाली आणि आजही जपून ठेवलेली आहे. परंतु त्यांच्या उपचारांत भाग घेतलेले शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला, हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्यातील स्वारांस हेल्मेट सक्तीचे होण्यास त्यांचे काम कारण झाले. एका अपघातानंतर अशा दोन दुरुस्त्या झाल्या. एकीने गाडी पूर्ववत झाली. दुसरीने पुढे कधी न भेटणाऱ्या असंख्य माणसांचे प्राण वाचले.

हे सर्व ठीक, पण गरिबाने काय करावे? ही शंका आम्ही हलकी मानीत नाही. नव्या नळ्या, नवे रिम, नवी बेअरिंगे यांस पैसे लागतात, आणि खरे सांगून विकलेल्या गाडीस भाव कमी येतो. प्रामाणिकपणाची किंमत येथे रोख मोजावी लागते, आणि ज्याच्यापाशी कमी आहे त्याला ती जास्त बोचते. पण गप्प राहून वाचवलेले पैसे कोठून येतात, तेही पाहिले पाहिजे. उमरग्याच्या बाजारात जुनी गाडी घेणारा मनुष्य श्रीमंत नसतो. श्रीमंत नवी घेतो. म्हणजे एका गरिबाचे नुकसान दुसऱ्या गरिबाच्या, कदाचित त्याच्या लेकराच्या, माथी जाते. सन २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरील होती. या आकड्यांत आपण भर घालावी काय?

त्या घरात अखेर बापाने मुलास विचारले, “गाडी ठेवायची की विकायची ते मागाहून ठरवू. आधी मला सांग, तुझ्या आईला तू हिच्यावर बसवशील का?” मुलगा काही बोलला नाही. मग गाडी मिस्त्रीकडे गेली. चेसीस चीर निघाली नाही; फोर्कच्या नळ्या, पुढचे रिम व बेअरिंगे मात्र नवी घालावी लागली, आणि घरावरच्या पत्र्यांसाठी ठेवलेले पैसे त्यांत गेले. बोअर होता तेवढाच राहिला. अपघात अंधारात झाला होता, म्हणून दिव्याची जुनी वायरिंग बदलून उजेड पुरता करून घेतला, ब्रेकचे झिजलेले शू बदलले आणि नवे हेल्मेट आणले. त्याच वेळी बापाने अंधारात चमकणारी लाल पट्टी विकत घेतली आणि चुलत्याच्या ट्रॉलीस मागून चिकटवली. आमच्या मते त्या सर्व दुरुस्तीतील सर्वांत नेमके काम तेच होते. अपघात जेथून आला होता तेथपर्यंत ती दुरुस्ती पोहोचली.

शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांपुढे शिक्षकांनी हा विषय जरूर मांडावा. उत्तर आधी सांगू नये. एवढेच विचारावे: तुमच्या मोडलेल्या गाडीविषयी तुम्हांस एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती घेणाऱ्याने ती विचारलेली नाही. न विचारलेले सांगण्यास आपण बांधलेले आहोत काय? मुले सायकलीविषयी, शेळीविषयी, परीक्षेविषयी बोलू लागतील. बोलू द्यावे, प्रश्न तोच आहे.