रसिकाची तयारी

‘हे चित्र मला आवडलं’ आणि ‘हे चित्र सुंदर आहे’ ही विधानं आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. इमॅन्युएल कांटने १७९० साली ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये त्यांच्यातलं अंतर दाखवून दिलं. एखादं मद्य मला रुचतं, तेव्हा ते इतरांनाही रुचावं असा माझा हट्ट नसतो. ‘सुंदर’ म्हणताना मात्र मी सर्वांच्या वतीने बोलतो, आणि ते सिद्ध करणारा नियम तर माझ्यापाशी नसतो. मग हा अधिकार येतो कुठून? कांटच्या मते निरपेक्षतेतून. वस्तू माझी व्हावी, माझ्या उपयोगी पडावी, या इच्छेचा स्पर्श नसलेला आनंद माझ्या खासगी गरजांना बांधलेला नसतो. म्हणूनच तो इतरांनाही मिळावा, असं मी म्हणू शकतो.

त्याच्या सुमारे आठ शतकं आधी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक हे त्यांतलं एक. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणाला भिऊन हरीण पळतं. तिथे आपल्याला जाणवणारं भय कुणाचं? ते आपलं असतं, तर आपण उठून पळालो असतो. निव्वळ त्या हरणाचं असतं, तर कीव करून मोकळे झालो असतो. ते कुणा एकाचं नसतं, स्थळकाळातून सुटलेलं असतं. म्हणून त्याचा रस होतो.

दोघेही सांगतात, की कलेपुढे ‘मी’ बाजूला ठेवा. डेव्हिड ह्यूमचा भर मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. १७५७ सालच्या अभिरुचीवरील निबंधात त्याने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकार पिंपातली वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पण पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते. अशी सूक्ष्म जाण सरावाने आणि तुलनेने वाढते, असं ह्यूम म्हणतो. केंडल वॉल्टनने १९७० साली याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ‘गेर्निका’सारख्याच आकृत्यांची, पण उठाव दिलेली शिल्पं करणारा एक समाज त्याने कल्पिला. पिकासोचं सपाट चित्र आपल्याला झंझावाती वाटतं. त्या लोकांना ते थंड, निर्जीव वाटेल. कृतीला आपण कोणत्या प्रकारात बसवतो, त्यावर तिच्यात काय दिसेल हे ठरतं. विलंबित ख्याल भावगीताच्या मापाने ऐकला, की तो नुसता रेंगाळल्यासारखा वाटतो, ते यामुळेच.

मग रसिकाने रिकामं होऊन यावं, की तयारीने? मला हा विरोध वरवरचा वाटतो. ‘ध्वन्यालोकलोचना’त अभिनवगुप्ताने सहृदयाचं लक्षण सांगितलं आहे: काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला, तो. म्हणजे अभ्यासाने मनात भर पडत नाही, मनावरचा मळ जातो. नवख्या श्रोत्यापाशी पकडायला स्वतःच्या मनःस्थितीखेरीज फारसं काही नसतं. सरावलेल्याला स्वरांची बढत दिसते, समेकडे जाणारी वाट दिसते, आणि त्यात गुंतून तो स्वतःला विसरू शकतो. निरपेक्षता ही अशी कमावावी लागते.

या तयारीलाही गर्वाची कीड लागू शकते. शिष्ट अभिरुचीने लावणीला दीर्घकाळ हलकं ठरवलं, ते एका परंपरेतला अधिकार दुसरीवर गाजवून. त्यावरही उपाय तयारीचाच: लावणीची अदाकारी, तिची ढोलकी, तिचे संकेत समजून घेण्याची.

आज कुठल्याही कलाकृतीवरचं मत क्षणात जगापुढे मांडता येतं. मांडावंही. पण ‘सुंदर’ किंवा ‘टाकाऊ’ म्हणताना आपण सर्वांच्या वतीने बोलत असतो, म्हणून त्या मताची जबाबदारी आपल्यावर येते: कृतीतली नेमकी जागा दाखवण्याची, दुसऱ्याने दाखवलेली जागा पाहण्याची आणि गरज पडली तर निवाडा बदलण्याची. आवडीला कारण लागत नाही. निवाड्याला लागतं, आणि ते कलाकृतीतच शोधावं लागतं.