शंभरावा दिवस

अनगोळातील एखादा तरुण दिवसाची नोकरी आटोपून रात्री ‘फायनान्शियल रिस्क मॅनेजर’ या परीक्षेची पुस्तके उघडतो. १९९७ पासून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेचे दोन भाग असून त्यांत अनुक्रमे १०० व ८० प्रश्न असतात. ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ हे तीतील प्रसिद्ध माप. शंभरांपैकी नव्याण्णव दिवस तोटा अमुक रकमेपुढे जाणार नाही, असे ते सांगते. शंभराव्या दिवशी तो किती होईल, याविषयी मात्र ते मौन पाळते. आणि तो कोणी सोसावा, हे तर कोणतेच गणित सांगू शकत नाही. मग धोका केवळ मोजल्याने मनुष्य दायित्वातून मुक्त होतो काय?

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा झळ ठेवीदारांस लागली. त्यानंतर १९६२ पासून ठेवींस विम्याचे संरक्षण मिळाले. देवस्थानाच्या पेटीचा हिशेब राखणारा सच्चा विश्वस्त जाणतो की, धन आपले नव्हे, म्हणूनच त्याची चिंता अधिक वाहावयाची.

परीक्षेच्या अभ्यासक्रमात आचारसंहितेचाही पाठ आहे. परंतु त्याचे खरे उत्तर परीक्षागृहात नव्हे, त्या शंभराव्या दिवशी द्यावे लागते.