वारा कुठनं?

बाळ्या बंगळूरहून रजा घेऊन उणकलला आला, तेव्हा त्याचं सामान बघून आजीला वाटलं, पोरानं नोकरीच सोडली. सोप्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. मधोमध सात फुटी सर्फबोर्ड आडवा पडलेला, त्याच्या भोवती पिशव्या. जुलैत श्रीलंकेला जायचं होतं. मुळकीला, शांभवी नदीच्या मुखाशी, गेल्या हिवाळ्यात तो फळीवर उभं राहायला शिकला होता. आता परदेशी लाटा हव्या होत्या. मुक्काम ठरवला वेलिगामाला. तिथला किनारा वाळूचा, नवशिक्यांच्या सोयीचा, आणि जुलैत खोली निम्म्या भावात मिळत होती. निम्म्या भावात का, हे काही त्यानं विचारलं नव्हतं.

बांधाबांध मात्र चोख. उन्हात वितळून पिशवीभर होऊ नये म्हणून बोर्डावरचं मेण खरवडून काढलेलं. फिन सोडवून कपड्यांत गुंडाळलेले, ते बसवायची किल्ली पाकिटात. बोर्डाचं नाक आणि शेपूट फोमनं बांधलेलं. पायाला बांधायच्या लीश दोन, तडा गेला तर सांधायला रेझिन, उन्हासाठी जस्ताचं मलम, खडकांवर पाय कापू नयेत म्हणून रबरी बूट, शिवाय सवलतीत मिळाला म्हणून एक जाड वेटसूट. आजीनं वर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि लाइन बाजारातले पेढे कोंबले. काटा 34 किलोवर गेला. तिकिटावर 20 लिहिलेले, आणि बोर्डाचे पैसे वेगळेच.

मग काय काढायचं यावर जुंपली. बाळ्या पेढ्यांकडे हात नेई, आजी बुटांकडे. असल्या भांडणात कोण जिंकतं हे सांगायला नको.

आज्जा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. जन्म हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेलेला, नवलगुंदला थोडी जमीन. त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं जुलैत वारा कुठनं येतोय रे?"

"वाऱ्याचं काय आज्जा? मला लाटा पाहिजेत."

"जून-जुलै दोन महिने मंगळूरच्या बोटी बंद असतात, म्हायती हाय न्हवं?"

"ती मासेमारीबंदी. माशांच्या विणीसाठी."

"विणीसाठी हायच. पण त्या दिवसांत दर्या कसा असतोय, मुळकीवाल्यांना विचारलास?"

बाळ्या गप्प झाला. आज्जांनी त्याला नकाशा उघडायला लावला. आपल्याकडचा नैर्ऋत्य मान्सून मे ते सप्टेंबर श्रीलंकेच्याही नैर्ऋत्य कोपऱ्यावर आदळतो, आणि वेलिगामा नेमकं त्याच बाजूला. दूरच्या समुद्रातून आलेली लाट कितीही देखणी असो, समोरून वारा सुटला की ती किनाऱ्याशी येईतो विस्कटते.

"आता आपलाच जिल्हा घे," आज्जा म्हणाले. "अळणावर-कलघटगीला भाताची रोपं पाण्यात उभी असतात, तेव्हा नवलगुंदला आम्ही ढगाकडं बघत बसतोय. घाटापासून जेवढं लांब, तेवढा पाऊस कमी. त्या बेटात डोंगर हाय का?"

होता. बेटाच्या मधोमध, 2,524 मीटरपर्यंत चढलेला. त्याच्या पलीकडे पूर्व किनारा, पोत्तुविलजवळचा अरुगम बे, जुलैत कोरडा. वारा तिथे बहुतेक जमिनीकडून येतो आणि लाटेला तोलून धरतो. तिथला हंगाम नेमका याच महिन्यांचा. नोव्हेंबर ते एप्रिल वेलिगामाची पाळी.

विमान कोलंबोचंच राहिलं, मुक्काम तेवढा बदलला. वेलिगामाच्या खोलीची आगाऊ रक्कम बुडाली. आणि मग पिशवी आपोआप उतरू लागली. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तिथं वेटसूट कशाला? अरुगम बेची मोठी लाट खडकाळ तळावर फुटते. ती जाणत्यांची, बाळ्याची नव्हे. त्यानं जायचं ते बेबी पॉइंटला, जिथं लाटा लहान. बूट गेले. हंगाम असल्यावर बोर्ड भाड्यानं मिळणार, मग बोर्ड, फिन, किल्ली, रेझिन, दोन्ही लीश सोप्यातच राहिल्या. इतकी निगुतीनं बांधलेली वस्तू पुन्हा सोडताना बाळ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उरलं काय? कपडे, मलम, जखमेवरचं औषध, कागदपत्रं. आणि पेढे, तेही दुप्पट, कारण आजीला मोकळी जागा दिसली.

आठवड्यानं पोत्तुविलहून फोन आला.

"आज्जा, वारा दहा वाजेपर्यंत जमिनीकडनं असतोय. मग फिरतो. म्हणून पहाटेच उतरायचं."

"तुला कुणी सांगितलं?"

"इथल्या कोळ्यानं. पाण्यात जायच्या आधीच विचारलं."

आज्जा आणखी काही बोलणार, तोवर आजीनं फोन ओढून घेतला. तिला त्या कोळ्याला पेढा दिला की नाही, हे विचारायचं होतं.